हमीपत्रावर मामा, घरात माई

साताऱ्यातल्या एका घराचं हे प्रकरण. ते कोर्टात गेलेलं नाही. जाऊ नये म्हणूनच माझ्याकडे आलं. घरगुती वादांत मध्यस्थी करणं हा माझ्या वकिलीतला निम्मा उद्योग आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं देत नाही. घरातली आठ वर्षांची लेक ज्याला जे म्हणते तेच इथे वापरतो: आई, माई, मामा, आजी.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माई इन्कम टॅक्स आणि जीएसटीची कामं करते, राजवाड्याजवळ तिचं छोटं ऑफिस आहे. लेक घरात यायच्या कितीतरी आधीपासून दोघी एकत्र राहतात, जोडीदार म्हणून. गल्लीचा समज असा की एकीचं जमलं नाही आणि दुसरीने केलं नाही, म्हणून मैत्रिणी एकमेकींच्या सोबतीला आहेत. तो समज दोघींनी कधी मोडला नाही. कोरेगाव तालुक्यातल्या माहेराला मात्र ठाऊक आहे. तिथे त्यावर कोणी बोलत नाही, एवढंच.

२०१९ मध्ये आईने लेकीला दत्तक घेतलं, एकल महिला म्हणून. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. समाजसेविका घर बघायला आली तेव्हा माईचा उल्लेख ‘सोबत राहणारी मैत्रीण’ असा झाला. आईला काही बरंवाईट झालं तर मुलीला कोण सांभाळणार, याचं हमीपत्र नातेवाइकाने द्यायचं होतं. ते मामाने दिलं. आईचा धाकटा भाऊ, घेवडा, आलं आणि ऊस करणारा शेतकरी. तेव्हा त्याला तो उपचार वाटला होता.

मागच्या पावसाळ्यात आई गाडीवरून घसरली. पाय मोडला, ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात लेकीला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या आणि तिला मुलांच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. फॉर्म माईने भरला. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात तिने लिहिलं, मावशी. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “सख्खी का?” ती हो म्हणाली. त्याने आधार कार्ड मागितलं. आडनाव जुळेना, पत्ता मात्र पिनकोडासकट एकच. प्लेटलेट चढवायच्या संमतीवर आईची नाहीतर रक्ताच्या नातेवाइकाची सही लागेल, असं त्याने सांगितलं. तो उद्धट नव्हता. उद्या काही झालं तर त्याच्याच गळ्याशी येणार होतं. मामाला फोन गेला, तो भर पावसात मोटारसायकलवर आला आणि सही केली. लेकीचं रक्त कोणत्या गटाचं, तिला कोणती गोळी सोसत नाही, हे सगळं त्याला माईलाच विचारावं लागलं. सही मात्र त्याचीच चालली.

लेक आठ दिवसांत बरी झाली. मग मामाने बहिणीला सांगितलं, “आक्का, तुझा पाय धड होस्तवर पोरीला गावाकडं ने म्हणतो. आन् पुढंमागं तुला काय झालं तर ती आमच्याकडंच येणार, हे बी आत्ताच ठरवू.” माई तिथेच बसली होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही, असं तिचं म्हणणं. पाहिलं होतं, पण काय म्हणायचं ते सुचलं नाही, असं त्याचं.

माझ्याकडे ते आले ते यानंतर.

मामाची बाजू

ही बाजू आधी मांडतो, कारण अशा प्रकरणांत मामा सरसकट खलनायक ठरतो. हा मामा तसा नाही. लेकीच्या नावाने त्याने शेताच्या बांधावर आंब्याची कलमं लावली आहेत, सुट्टीत ती तिकडेच असते, त्याच्या मुलांशी तिचं गूळपीठ आहे. पहिल्या बैठकीला त्याने २०१९ च्या हमीपत्राची झेरॉक्स आणली होती, चौघडी घालून खिशात ठेवलेली. ती टेबलावर पसरून तो म्हणाला, “साहेब, मी सही केलीया. म्हंजे मी बांधील हाय का न्हाई? मग ह्या मॅडम कशानं बांधील हायत तेवढं सांगा.”

या प्रश्नाने खोलीत जी शांतता पसरली ती बराच वेळ टिकली.

आई शाळेत दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती करते. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं. फुले दांपत्याने एका विधवेचं मूल, यशवंत, दत्तक घेतलं आणि त्याला डॉक्टर केलं, हे ती मुलांना दरवर्षी सांगते. तेच तिने भावाला ऐकवलं. तो म्हणाला, “आक्का, ती दोघं नवराबायको व्हती.” तेही खरंच.

आजीचा प्रश्न याहून रोखठोक. तिला दोघींच्या नात्याशी काही देणंघेणं नव्हतं, निदान तिने तसं दाखवलं तरी नाही. तिने माईला विचारलं, “बाय, तू लई करतीस पोरीचं, म्या बघतीया. पर तुझ्या जागंत तिचं नाव घालशील का?”

बापाचा मुद्दाही निघाला. घरात पुरुष नाही, पोरीवर परिणाम होईल, वगैरे. यावर मी फार वेळ घालवला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्येच उपलब्ध संशोधन पाहून सांगितलं आहे की मुलाचं भलंबुरं पालकांच्या लिंगावर ठरत नाही. नात्यांचा पोत, घराची स्थिरता आणि मिळणारा आधार यांवर ठरतं. आणि पाटण-जावळीकडच्या माणसांना तर हे सांगायलाच नको. तिकडचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबले आणि पोरं आई-आजीने वाढवली. मामा मात्र इथेही चुकला नाही. तो म्हणाला, बाप मुंबईत असला तरी त्याचं नाव होतं, मनिऑर्डर यायची आणि नाही आली तर गावकीत जाब विचारता यायचा.

कागद जिच्याकडे आहे ती, आणि जिच्याकडे नाही ती

तिसऱ्या बैठकीत एक गोष्ट उघड झाली, जी दोघींनी आधी सांगितली नव्हती. अपघाताच्या वर्षभर आधी त्यांचं मोठं भांडण झालं होतं. कशावरून, ते इथे महत्त्वाचं नाही. भांडणात आई म्हणून गेली, “कागदावर ती माझी आहे, तुझा काय संबंध?” आणि माई बॅग भरून पुण्याला भावाकडे गेली, काही महिन्यांसाठी. या काळात आईने तिला लेकीशी फोनवर बोलू दिलं नाही. माईने शाळेची फी आणि रिक्षाचे पैसे थांबवले. लेक मामाकडे म्हणाली होती, “माई सुट्टीवर गेलीय.” मामाला सगळं तेव्हापासूनच ठाऊक होतं. त्याचा प्रश्न तिथून आलेला होता.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. समलिंगी पालकत्वावर वाद होतो तेव्हा एका बाजूने हक्काची भाषा येते, दुसऱ्या बाजूने कर्तव्याची, आणि जणू एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटतं अशा थाटात दोन्ही बाजू भांडतात. इथे काय झालं ते पाहा. आईकडे हक्क होता, तो तिने रागात हत्यारासारखा वापरला. माईकडे हक्क नव्हता, आणि म्हणूनच जबाबदारी टाकून उठून जाण्याची मोकळीकही होती, ती तिने वापरली. वाईट दोघीही नाहीत. रागावलेली विवाहित जोडपी याहून वाईट वागतात, रोज बघतो. पण विवाहित बाप पैसे थांबवतो तेव्हा त्याच्या मुलासाठी १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याचं कलम २० आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, आणि बापाला मूल भेटू दिलं नाही तर त्यालाही कोर्टाचं दार आहे. या लेकीसाठी माईविरुद्ध कोणतं कलम आहे? एकही नाही. माईला हक्क नाकारून कायद्याने मुलीला वाचवलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरा डोळे उघडून पाहावं. मुलीचा माईवरचा दावाही त्याच फटक्यात गेला.

म्हणून पुढच्या बैठकीत मी प्रश्न उलटा मांडला. माईला काय मिळायला हवं, हे बाजूला ठेवू. लेकीला माईकडून काय मागता आलं पाहिजे आणि माईला ते नाकारता येऊ नये, याची यादी करू. ही यादी केल्यावर मामा पहिल्यांदा माईशी थेट बोलला.

दारं कुठे बंद आहेत

माईने लेकीला दत्तक घ्यायचं म्हटलं तर १९५६ च्या कायद्यात कलम १० आडवं येतं: एकदा दत्तक गेलेलं मूल पुन्हा दत्तक देता येत नाही. एकच मूल एकाच वेळी दोघांना देता येत नाही, हे कलम ११ सांगतं. विवाहित जोडप्याची गोष्ट वेगळी. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, २०२२ च्या नियमावलीत जोडप्याने दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचा स्थिर विवाह लागतो, आणि यांचा विवाह होऊच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क नाही असं पाचही न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं. दत्तकाच्या नियमावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांना तो नियम भेदभाव करणारा वाटला, ते अल्पमतात गेले. बहुमतातले न्या. भट यांनीही एवढं नोंदवलं की अशा जोडीतल्या एकानेच दत्तक घेतलं तर त्या मुलाला इतर मुलांइतकं संरक्षण मिळत नाही आणि सरकारने याचा विचार करायला हवा. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

यात एक उपकथा आहे. जून २०२२ मध्ये ‘कारा’ने परिपत्रक काढलं होतं की लग्नाविना जोडीदारासोबत राहणाऱ्या एकट्या अर्जदाराचा विचार करू नये. म्हणजे समाजसेविकेला खरं सांगितलं तर मूल नाही, आणि खोटं सांगितलं तर ज्या माणसाच्या हातात मूल निम्मं वाढणार त्याची चौकशीच नाही. मूल सुरक्षित राहावं म्हणून केलेली व्यवस्था ही.

(दत्तक कोणी मंजूर करायचं, हा प्रश्न या गावाला नवा नाही. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी घेतलेलं दत्तक डलहौसीने नामंजूर केलं आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. इथले जुने लोक ‘नामंजूर’ हा शब्द अजूनही वेगळ्या चवीने उच्चारतात.)

आई हयात आणि सक्षम असताना कोर्ट दुसऱ्या कोणाला पालक नेमत नाही, हे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १९. आईच्या पश्चात मात्र कलम १७ लागतं, आणि ते मी तिघांनाही वाचून दाखवलं. कोर्टाने अज्ञानाचं, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचं, हित पाहायचं. ते पाहताना पालक होऊ इच्छिणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, मृत आईवडिलांनी व्यक्त केलेली इच्छा, आणि त्या माणसाचे मुलाशी आजवरचे संबंध, हे सगळं विचारात घ्यायचं. मूल जाणतं असेल तर त्याची पसंतीही. ‘नात्याची जवळीक’ मामाच्या पारड्यात. ‘आईची इच्छा’ आणि ‘आजवरचे संबंध’ माईच्या पारड्यात, पण इच्छा कागदावर असेल तरच. मामा म्हणाला, “म्हंजे कोर्टात गेलो तर दोघांपैकी कुणाचं बी व्हईल.” बरोबर.

पैशाची भानगड

आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून माईने एक रक्कम लेकीच्या नावे कायमची बाजूला काढायची तयारी दाखवली, दहा लाख. इथे तिचाच धंदा तिच्या मुळावर आला. इन्कम टॅक्सच्या कायद्यात नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त असते. परक्याकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर आली की सगळीच रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. मामा आईचा भाऊ, म्हणून तो लेकीचा नातेवाईक. त्याने दहा लाख दिले तर एक पैसा कर नाही. माई परकी. शिवाय अज्ञान मुलाचं उत्पन्न आईच्या उत्पन्नात मिळवतात, म्हणजे माईने थेट लेकीला द्यायचं आणि कर आईने भरायचा. मुंबई उच्च न्यायालयात समलिंगी जोडीदारांनी एकमेकांना दिलेल्या भेटींवरच्या कराला २०२५ मध्ये आव्हान दिलं गेलं आहे. तो प्रश्न जोडीदारांचा, या लेकीचा त्यात थेट समावेश नाही.

हे सगळं माईनेच आम्हाला समजावलं, कागदावर आकडे मांडून. मामा तो कागद बराच वेळ बघत राहिला. “म्हंजे मी रिकाम्या हातानं आलो तरी चालतंय, आन् हिनं भरल्या हातानं दिलं तर दंड?” त्याने पहिल्यांदाच ‘मॅडम’ सोडून ‘ही’ म्हटलं. आजीने त्याला तिथल्या तिथे दटावलं, पण मला वाटतं काम पुढे सरकलं ते त्या क्षणी.

काय ठरलं

आईने मृत्युपत्र केलं आणि ते नोंदवलं. आपल्या पश्चात लेकीची पालक माई असावी, ती नसेल किंवा नकार देईल तर मामा, असं त्यात कारणांसह लिहिलं. कारणांत दवाखाना, शाळा, घरातलं रोजचं जगणं आलं आणि दोघींचं नातंही आडपडदा न ठेवता आलं. हा भाग लिहायला आईने सर्वांत जास्त वेळ घेतला. नोंदणी कार्यालयात कारकून तो मजकूर वाचणार, ही तिची धास्ती होती. त्याने फक्त साक्षीदारांच्या सह्या तपासल्या.

माईने १८८२ च्या न्यास कायद्याखाली लेकीसाठी खासगी न्यास (ट्रस्ट) करायचं ठरवलं. रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे राखला नाही की असा न्यास मनात आलं म्हणून मोडता येत नाही. दोघींचं बिनसलं तरी पैसा लेकीचाच आणि तिच्या वतीने विश्वस्तांना कोर्टात खेचता येतं. कर बसणार, तर बसू दे, असं ती म्हणाली; लोकांचा कर वाचवण्यात उमर गेली, एक आपल्या हाताने भरते. विम्यालाही मेख होती. लेकीला नुसतं नॉमिनी लावून भागत नाही, कारण कायद्याने ती माईचं मूल नाही, आणि नॉमिनीच्या हातात आलेल्या पैशावर माईचे भाऊ वारस म्हणून दावा सांगू शकतात. म्हणून माईचंही मृत्युपत्र. त्यातून आलेल्या मालमत्तेवर तो भेटीचा कर नाही. आजीच्या ‘जागेत नाव’चं उत्तरही त्यातच गेलं.

दवाखाना आणि शाळा यांसाठी आईने माईला लेखी अधिकारपत्र दिलं. शाळेने ते एका दिवसात फाईलला लावलं. त्याला कायद्याचं बळ किती, हे दवाखान्यागणिक बदलेल. आणीबाणीत तरी फोन कोणाला करायचा एवढं त्याने ठरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डावर एकाच घरातले धरावं आणि बँकेत जोडखातं व नामनिर्देशन करू द्यावं, असं कळवलं आहे. दोघींनी जोडखातं उघडलं. रेशनकार्डाचं त्यांनी तूर्त टाळलं. तिथला माणूस गावातलाच, ओळखीचा आहे; मृत्युपत्र पाहणारा कारकून परका होता.

राहिला तो कठीण कागद. वेगळ्या झाल्या तर काय? दोघींनी करार लिहिला: माई फी आणि निम्मा खर्च लेक अठरा वर्षांची होईपर्यंत देईल, आई आठवड्याच्या भेटी आणि रोजचा फोन अडवणार नाही, एक बाजू मोडली म्हणून दुसरीने मोडायची नाही. हे शेवटचं वाक्य मी घातलं, भांडणाच्या वर्षाचा अनुभव पाहून. पैशाचा भाग न्यासाने पुष्कळसा पक्का होतो. भेटीचा भाग कोर्टावर बंधनकारक नाही. मुलाच्या ताब्याबाबत दोन मोठ्या माणसांनी केलेला करार कोर्ट फार तर विचारात घेतं. हे मी दोघींना स्पष्ट सांगितलं. माईने विचारलं, मग मी दिलेलं पक्कं आणि मला मिळायचं कच्चं? हो, आजच्या कायद्यात तसंच आहे. ती तरीही सही करायला तयार झाली, आणि हे तिने का करावं याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उद्या म्हातारपणी माईला सांभाळायची कायदेशीर जबाबदारीही लेकीवर नाही. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात ‘पालक’ आहेत, माई नाही.

मामाच्या दोन अटी होत्या. न्यासात त्याला विश्वस्त घ्यावं, आणि सुट्टीत लेक कोरेगावला येणं कधी थांबू नये. दुसरी लगेच मान्य झाली. पहिलीवर माईने स्वतःची अट घातली: लेकीच्या शिक्षणाच्या खर्चाला एकट्या विश्वस्ताने आडकाठी करायची नाही, आणि अठराव्या वर्षापर्यंत लग्नासाठी न्यासातून एक रुपयाही काढायचा नाही. मामा यावर हसला. “अठराव्या वर्षी कोण लगीन करतंय आता?” मी म्हटलं, मग लिहायला हरकत नसावी. त्याने लिहू दिलं.

न्यासपत्राचा मसुदा तयार आहे. विश्वस्त तीन हवेत: माई, मामा आणि तिसरा कोण, यावर अजून एकमत नाही. आईला तिच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका हव्यात, मामाला गावातला सोसायटीचा सचिव. पुढची बैठक ऊस गेल्यावर, कारण तोडणी सुरू झाल्यापासून मामाला साताऱ्याला यायला सवड नाही.